नवी विंडोज आली की बोंब जुनीच

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो, विंडोज ११ ला एवढं भ्यायचं काही कारण नाही म्हणून, आणि त्यानंतर महिनाभर व्हॉट्सॅपवर जे सुरू झालंय ते विचारू नका. काहींनी शंका विचारल्या, काहींनी सरळ सुनावलं, एकानं तर नुसते रागाचे तीन लाल तोंडं पाठवले आणि खाली एक अक्षर नाही. तर या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला (कीबोर्डवर चहा सांडलेल्या जिंतूरच्या ताई, तुमचं पुढच्या अंकात घेतो, तोवर तो उलटा करून ठेवा) आणि हा एकच विषय, नवी सिस्टीम आली की लोक तिला नावं कामून ठेवतात आणि त्यातलं किती मनावर घ्यायचं.

प्रश्न: सर नमस्कार, माजलगावला माझं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक सातव्या जनरेशनचा आय थ्री आणि एक आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, दोन्हीवर विंडोज १०. आता १० चा सपोर्ट संपला म्हणायलेत आणि ११ टाकू नका असं बी सगळेच म्हणायलेत. मशीन हँग मारते, प्रिंटर पकडत नाही. शेजारच्या गावातल्या एकानं टाकली तर त्याची अंगठ्याची मशीन खरंच बंद पडली, दोन दिवस गिऱ्हाईक परत पाठवले त्यानं. पीकविम्याच्या टायमाला माझं असं झालं तर लोक दारात बसतील. काय करू?
*सेवा केंद्रवाला, माजलगाव*

उत्तर: दादा, आधी मला सांगा हे 'सगळे' म्हणजे कोण. मी आजकाल दुकानात येणाऱ्याला हाच प्रश्न उलटा विचारतो, ११ बेकार आहे म्हणता तर तुम्ही किती दिवस वापरली, आणि उत्तर ठरलेलं असतंय, मी नाही वापरली पण आमच्या साडूच्या ऑफिसात टाकली होती. साडूला विचारावं तर तो म्हणतो मला नाही, आमच्या साहेबाला त्रास झाला. असं धरत धरत गेलं की शेवटी कुठंतरी एक खरा माणूस सापडतो, त्याला खरा त्रास झालेला असतो, आणि त्या एकट्याच्या त्रासावर सगळा तालुका विंडोज १० ला चिकटून बसलेला असतो.

पण तुमच्या शेजाऱ्याचं ऐकीव नाही, ते झालेलं आहे, म्हणून नीट सांगतो. अंगठ्याची मशीन, प्रिंटर, सहीचं डोंगल या वस्तू विंडोजशी थेट बोलत नाहीत, मधे ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो आणि तो बहुतेक वेळा ती वस्तू बनवणाऱ्या कंपनीनं लिहिलेला असतो. नवी सिस्टीम आली की त्या कंपनीनं दुभाष्याला नवी भाषा शिकवायची असते. मोठ्या कंपन्या लवकर शिकवतात, लहान कंपन्या सहा सहा महिने हलत नाहीत, आणि काही तर म्हणतात नवीन मशीन घ्या. आता गिऱ्हाइकाला काय दिसतं? काल चालू होतं, रात्री विंडोज टाकली, आज बंद. मग दोष कुणाचा, विंडोजचा. चूक दुभाष्याची असते पण शिव्या पाटलाला बसतात. शेजाऱ्याला एवढं विचारा की ११ टाकल्यावर अंगठ्याच्या मशीनचा नवा ड्रायव्हर आणि नवी आरडी सर्व्हिस (अंगठा आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) टाकली का जुनीच पेन ड्राइव्हमधली चढवली. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे, कारण आपण सगळे तेच करतो, एका पेन ड्राइव्हमधे सगळे सेटअप आणि तेच पाच वर्षं फिरवतो.

आता तुमच्या दोन मशीनचं. आठव्या जनरेशनवाली पास आहे, बायोसमधे (मशीन चालू होताना उघडता येणारं आतलं सेटिंग) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू आहे का तेवढं बघा, मग खुशाल टाका. फक्त जुलैमधे नाही. जुलै महिन्यात सेवा केंद्राच्या मशीनला विंडोजच काय, झाडूसुद्धा लावायचा नाही. गर्दी ओसरली, सोमवार ते बुधवार असा मोकळा काळ सापडला, की आधी डेटा दुसरीकडं काढून घ्या, अंगठ्याच्या मशीनच्या कंपनीच्या साइटवर ११ चा ड्रायव्हर आहे का बघा, असला तर पुढं जा, नसला तर थांबा.

सातव्या जनरेशनवालीच्या बाबतीत मात्र लोकांचा राग मला पटतो. चालती फिरती मशीन, एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकली तर अजून चार वर्षं पळंल, आणि कंपनी म्हणते तुमचा प्रोसेसर यादीत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात ११ आली तेव्हापासूनची ही बोंब आहे आणि ती खोटी नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय ठेवलेली आहे, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत, तसं नको असंल तर ३० डॉलर भरायचे. तोवर ती चालवा. यूट्यूबवर यादीत नसलेल्या मशीनवर ११ चढवायचे जुगाड दाखवतात, ते घरच्या लॅपटॉपवर हौस म्हणून करा, पण ज्या मशीनवर गावाचा आधार आणि बँकेचा अंगठा लागतो तिथं जुगाड नको.

आणि थांबण्यात लाज कसली बाळगता. आमच्याकडं सोयाबीनचं नवं वाण आलं की माझे मोठे बंधू पहिल्या साली कधीच पेरत नाहीत, बांधावर उभं राहून शेजाऱ्याच्या रानात शेंगा मोजतात. दुसऱ्या साली एक एकर, तिसऱ्या साली सगळं. ३३५ नंबरच्या वाणाला त्यांनी असंच घेतलं आणि ३३५ सोडतानाही असंच सोडलं. पण ते एक करत नाहीत, न पेरता 'हे वाण बेकार आहे' असं पारावर सांगत फिरत नाहीत.

प्रश्न: महोदय, मी निवृत्त मुख्याध्यापक. २००५ साली एमएससीआयटी केली ती विंडोज एक्सपीवर. त्यानंतर चार सिस्टीम पाहिल्या, पण एक्सपीसारखी साधी, सरळ आणि भरवशाची सिस्टीम पुन्हा झाली नाही, असे माझे ठाम मत आहे. नव्या पिढीला हे पटत नाही. आपले मत?
*निवृत्त मुख्याध्यापक, लातूर*

उत्तर: गुरुजी, नमस्कार. तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही, पण एक आठवण करून देतो. एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला आणि तेव्हा तिच्याबद्दल लोक जे बोलले ते आज ११ बद्दल बोलतात त्याच्यापेक्षा वेगळं नव्हतं. तो हिरवा स्टार्ट आणि निळी पट्टी बघून म्हणाले हे काय लहान पोरांचं खेळणं आहे का. घरी वापरायच्या विंडोजला पहिल्यांदाच ॲक्टिव्हेशन आलं, म्हणजे सीडी असून भागेना, इंटरनेटवरून नाहीतर फोन करून नंबर घ्यायचा, त्याचा तर फार राग. कमीत कमी ६४ एमबी रॅम मागायची आणि चांगली चालायला १२८, आणि आपल्याकडच्या कितीतरी मशीनमधे तेवढी नव्हतीच, मग ठरलेलं वाक्य, ९८ च बरी होती.

२००३ साली ब्लास्टर नावाचा किडा (व्हायरसचाच भाऊ) आला तो तुम्ही पाहिला नसंल. मी पाहिलाय. नेट जोडलं की थोड्या वेळात एक खिडकी उघडायची, त्यात ६० सेकंद उलटे मोजायला लागायचे आणि मशीन आपोआप बंद. एका कॅफेत मी मोजलं, एकाच रांगेतल्या चार मशीन पाठोपाठ गेल्या, दिवाळीतली लवंगी माळ जावी तशा. त्यानंतर ऑगस्ट २००४ मधे सर्व्हिस पॅक २ आला, फायरवॉल (नेटवरून घुसणाऱ्याला अडवणारी भिंत) आधीपासून चालू येऊ लागली, बरीच भोकं बुजली. तुम्ही क्लासला बसलात २००५ ला. म्हणजे तुम्हाला जी एक्सपी भेटली ती चार वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन शहाणी झालेली होती. तुम्ही जिला सोनं म्हणता ती सर्व्हिस पॅक २ वाली, २००१ वाली नाही.

आणि साधी? गुरुजी, मराठी टाइप करायचं आठवा. कंट्रोल पॅनल, मग रीजनल अँड लँग्वेज, मग तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर टिक करायची, मग ते आय थ्री एटी सिक्स नावाचं फोल्डर मागायचं, त्यासाठी सीडी लागायची, आणि सीडी कुणाकडं असायची तर ज्यानं मशीन विकली त्याच्याकडं, आणि तो गेलेला असायचा औरंगाबादला माल आणायला. आज फोनवर सात वर्षांचं पोरगं मराठीत टायपायलंय, कुणाला सीडी मागत नाही.

तरीपण तुमचं एक मी मान्य करतो. एक्सपी ८ एप्रिल २०१४ पर्यंत चालली, साडेबारा वर्षं. तेवढ्या काळात माणसाचा हात बसतो. नवीन सिस्टीमला आपण नावं ठेवतो तेव्हा पुष्कळदा तक्रार सिस्टीमची नसते, आपल्या हाताची असते, बसलेला हात उठवल्याचा राग असतो तो. पहिली सायकल सगळ्यांनाच हलकी वाटलेली असते.

प्रश्न: भाऊ, आमच्या हॉस्टेलला एक थिअरी फेमस आहे की विंडोज एक सोडून एक चांगली निघते. ९८ चांगली, एमई बेकार, एक्सपी चांगली, व्हिस्टा बेकार, ७ चांगली, ८ बेकार, १० चांगली, म्हणून ११ बेकार आणि १२ ची वाट बघायची. खरं का?
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड*

उत्तर: थिअरी भारी आहे, फक्त मोजताना तुम्ही लबाडी केली. २००० कुठं गेली? ती तर चांगली होती, ती घेतली की गणित बिघडतं म्हणून गाळली. ८.१ कुठं गेली? हे म्हणजे आपल्या टीमचे हरलेले सामने सोडून सरासरी काढणं झालं.

पण गंमत म्हणून सोडून द्यावी अशी थिअरी नाही ही, तिच्यात एक खरं कारण लपलंय. व्हिस्टा जानेवारी २००७ मधे आली, आतून पुष्कळ काही नवीन होतं, ड्रायव्हर तयार नव्हते, दर दोन मिनिटाला 'परवानगी देता का' विचारायची, आणि तिला जेवढी रॅम लागायची तेवढी बाजारातल्या मशीनमधे नसायची. वरून 'व्हिस्टाला चालेल' अशी स्टिकरं चिकटवून ज्या मशीन विकल्या त्यातल्या पुष्कळांवर तिचं नीट दर्शन होईना, त्यावरून अमेरिकेत कोर्टकज्जा झाला. मग २००९ च्या ऑक्टोबरात ७ आली आणि सगळे म्हणाले वा! आता कमांड प्रॉम्प्ट उघडून ७ चा आतला नंबर बघा, ६.१ येतो. व्हिस्टाचा होता ६.०. म्हणजे घर तेच, रंगरंगोटी केलेली, दारं खिडक्या घट्ट बसवलेल्या, आणि मधल्या पावणेतीन वर्षात ड्रायव्हर तयार झाले, रॅम स्वस्त झाली. खस्ता व्हिस्टानं खाल्ल्या आणि आरती ७ ची झाली. ८ चं वेगळं, तिथं चूक कंपनीचीच, २०१२ मधे स्टार्टचं बटनच काढून टाकलं आणि टचस्क्रीनसाठी केलेल्या मोठमोठ्या फरश्या माऊसवाल्याच्या गळ्यात मारल्या, वर्षभरात ८.१ मधे बटन परत आणावं लागलं.

व्हिस्टाची अजून एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मला लोकांच्या मताबद्दलच शंका यायला लागली. २००८ साली मायक्रोसॉफ्टनं व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेली माणसं गोळा केली, त्यांना सांगितलं की ही 'मोहावी' नावाची नवी विंडोज आहे, बघा कशी वाटते. बहुतेकांना आवडली. मग सांगितलं, ही व्हिस्टाच आहे. त्याचीच जाहिरात केली.

आता मला बी खोड आली. इथं परभणीला आमच्या मोंढ्यात एक आडत दुकानदार आहेत, वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मशीन आठव्या जनरेशनची, पण आत तीच जुनी हार्डडिस्क, चालू केली की काका चहा सांगायचे आणि चहा येऊन प्यायला तरी डेस्कटॉप नाही. म्हणाले बघ काय होतंय ते, पण ते अकरा बिकरा टाकू नको बाबा, लई बेकार हाय म्हणं. मी एसएसडी टाकली, आणि ११ टाकली. टास्कबार सेटिंगमधे जाऊन डावीकडं सरकवला, त्यांचा खंडोबाचा वॉलपेपर परत लावला, आडतीचं सॉफ्टवेअर होतं तिथंच ठेवलं. काका आले, त्यांचा हात सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला, तिथं बटन सापडलं, चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. आडतीच्या हिशेबाची एक पट्टी काढून बघितली, प्रिंट मारली आणि म्हणाले, "आता कसं पळायलंय! उगं लोकाचं ऐकून अकरा टाकली असती तर बसलो असतो." मी मान हलवली.

यातून ११ चांगली हे सिद्ध झालं का? नाही. पळायलंय ते एसएसडीमुळं, माझी चाचणी तशी लबाडच. मोहावीवाल्यांची पण तशीच होती, मशीन त्यांची, चालवून दाखवणारा माणूस त्यांचा, बघणाऱ्याला घरी नेऊन स्वतःचा जुना प्रिंटर जोडायचा नव्हता. एवढंच कळलं की नाव झाकलं तर निम्मी नावडच नाहीशी होते. उरलेली निम्मी खरी असते आणि ती प्रिंटरपाशी असते.

१२ ची वाट बघायची तर बघा, पण तोवर प्रोजेक्टचा बॅकअप घेऊन ठेवा, सबमिशन काही १२ साठी थांबत नाही.

प्रश्न: विंडोज ८ नंतर डायरेक्ट १०. मग ९ कुठं गेली?
*वाचक, हिंगोली*

उत्तर: आलीच नाही. नंबर म्हणजे काही वर्ग नाहीत, की नववी केल्याशिवाय दहावीला बसता येत नाही. ॲपलनं तर २०२५ मधे आयफोनच्या सिस्टीमला १८ वरून सरळ २६ केलं, वर्षाशी जुळावं म्हणून. नंबर हा जाहिरातीचा भाग, ८ चं नाव इतकं खराब झालेलं होतं की तिच्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं बरं, असं माझ्यासारख्याला तरी वाटतं.

प्रश्न: भाऊ, मी गृहिणी आहे. माझा मुलगा म्हणतो मोबाईलला अपडेट करू नको, कंपन्या मुद्दाम जुना फोन स्लो करतात म्हणजे आपण नवीन घ्यावा. पण बँकेचं ॲप म्हणतं अपडेट करा. कुणाचं ऐकू?
*एक ताई, उदगीर*

उत्तर: ताई, बँकेचं ऐका, पण मुलाला रागावू नका, त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. डिसेंबर २०१७ मधे ॲपलनं स्वतः कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. कारण त्यांनी दिलं ते असं, की थकलेल्या बॅटरीवर जोर पडला की फोन अचानक बंद पडतो, तो पडू नये म्हणून. कारण पटण्यासारखं होतं, पण आधी कुणाला सांगितलं नव्हतं, तिथं घोळ झाला. माफी मागितली, ७९ डॉलरची बॅटरी २९ ला बदलून दिली. बॅटरी बदलली की तोच फोन परत पळायला लागायचा, म्हणजे इतके दिवस लोक नवीन फोन घ्यायला निघाले होते ते बॅटरीवर भागलं असतं. त्या दिवसापासून 'मुद्दाम करतात' हे वाक्य कायमचं घराघरात जाऊन बसलं, आता कोणताही फोन कशानं बी स्लो झाला, गॅलरीत लग्नाचे चार हजार फोटो आणि गुड मॉर्निंगचे व्हिडिओ भरून ठेवले तरी, दोष अपडेटचाच. तुम्ही आधी थोडी जागा रिकामी करा, फोन चार्जिंगला लावा आणि रात्री अपडेट करून झोपा.

प्रश्न: मी पंचवीस वर्षं डीटीपी करतो. पानं लावायचं पेजमेकर, जुने मराठी फाँट, मागच्या मोठ्या पोर्टला लागणारं डोंगल, सगळं एका जुन्या एक्सपीच्या डब्यावर. लग्नपत्रिकेचे हजारो मजकूर त्यात आहेत. मुलगा म्हणतो डबा भंगारात घाला, लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाका, नाहीतर ११ घ्या. मी जुनाट आहे का?
*पत्रिकावाले, अंबाजोगाई*

उत्तर: मामा, तुम्ही जुनाट नाहीत, अडकलेले आहात, दोन्हीत फरक आहे. नवीन सिस्टीमला नावं ठेवणाऱ्यात सगळ्यात खरी तक्रार तुमच्यासारख्यांची आणि तुमचीच कुणी ऐकत नाही. पेजमेकरची शेवटची ७ नंबरची आवृत्ती २००१ ची, त्यानंतर ते बंद. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच निघत नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजवर फार जुने १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. नव्या मशीनला ते लांबडं पोर्ट बी येत नाही. म्हणजे तुमचं डोंगल लावायचं कुठं, कपाळाला?

डबा ठेवा. फक्त त्याची नेटची वायर काढा आणि परत कधीच लावू नका, नेट नसलेल्या एक्सपीला बाहेरून कुणी काही करत नाही. येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. हार्डडिस्कची आख्खी कॉपी करून एक कपाटात ठेवा, ही म्हातारी कधी जाईल सांगता येत नाही, आणि एक जुना एसएमपीएस (डब्याला वीज पुरवणारा भाग) बी घेऊन ठेवा भंगारवाल्याकडून. शेजारी एक नवीन मशीन घ्या आणि नवीन येणारं काम तिथं युनिकोडमधे करा. जुने मजकूर एकदम बदलायला बसू नका, ज्याची पत्रिका परत येईल तेवढाच कन्व्हर्टरनं फिरवा, आणि फिरवल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यानं तपासा, 'चि. सौ. कां.' चं काहीतरी भलतंच होऊन छापलं तर दोन्हीकडचे पाहुणे तुमच्या दारात.

लिनक्सबद्दल लोकांच्या डोक्यात अजून काळा पडदा आणि हिरवी अक्षरंच आहेत, ते जुनं झालं, केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. पण तुमचं पेजमेकर आणि डोंगल तिथं सुखानं नांदंल असं समजू नका. आणि मुलाला हे पण सांगा की नवीन आलं की चिडायचं हे फक्त आपल्याच नशिबी नाही, २०११ मधे लिनक्सचा डेस्कटॉप ग्नोम ३ असा काही बदलला की खुद्द लिनस टोरवाल्ड्स, ज्यानं लिनक्स सुरू केलं तोच, वैतागून दुसऱ्या डेस्कटॉपवर निघून गेला. नंतर आला परत, राग निवला की येतातच.

प्रश्न: स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही मायक्रोसॉफ्टचे एजंट आहात का? लोक ऐकीव बोलतात, लोकांना सवय सुटत नाही, सगळा दोष लोकांचाच? कंपनीनं काय काय केलंय ते तुम्ही सोयीनं विसरता. न विचारता सिस्टीम बदलतात, हे तुम्हाला चालतं का?
*सॉफ्टवेअरवाला, छत्रपती संभाजीनगर*

उत्तर: एजंट असतो तर दुकानाचं पत्र्याचं छत तरी बदललं असतं. पण बोललात ते बरोबर, आणि मी खरंच ती बाजू कमी लिहिली.

२०१६ मधे विंडोज १० फुकट देताना जी खिडकी यायची, ती लोक नको म्हणून वरच्या फुलीवर क्लिक करून बंद करायचे, आणि कंपनीनं त्या फुलीचाच अर्थ 'हो, ठरल्या वेळी टाका' असा लावला. तीस वर्षं जगाला शिकवलं की फुली म्हणजे नको, आणि एक दिवस फुली म्हणजे हो. कॅलिफोर्नियातल्या एका बाईची कामाची मशीन त्या अपग्रेडनंतर नीट चालेना, ती कोर्टात गेली आणि १०,००० डॉलर वसूल केले. ऑक्टोबर २०१८ चं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंटमधल्या फाइलीच पुसून टाकायला लागलं, ते घाईघाईनं थांबवावं लागलं. २०१५ मधे त्यांच्याच एका माणसानं व्यासपीठावरून सांगितलं होतं की १० ही शेवटची विंडोज, सहा वर्षांनी ११ आली. असं झाल्यावर माणूस नवीन काही आलं की आधी दोन पावलं मागं सरकतो, त्याला ऐकीव म्हणता येत नाही, त्याला पोळलेलं म्हणतात.

उलटंही होतं बरं का. १९ जुलै २०२४ ला जगभर मशीन निळ्या पडल्या, सुमारे ८५ लाख, आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, आणि सगळीकडं एकच, विंडोज पडली, विंडोज पडली. पाडली होती क्राउडस्ट्राइक नावाच्या वेगळ्या कंपनीच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनं. पण स्क्रीन निळी दिसली की नाव एकाचंच निघतं, आता त्याला काय करणार.

न विचारता बदलतात, हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. कारण वर काकांची जी गोष्ट मी मिश्या पिळत लिहिली ना, ती परत वाचली आणि लक्षात आलं की त्या माणसानं मला नको म्हणून सांगितलं होतं, तोंडानं, स्पष्ट, आणि मी त्यांच्या फुलीचा अर्थ हो लावला. हे लिहिता लिहिता उठलो, मोंढ्यात गेलो आणि सांगून टाकलं की काका, तुमच्या मशीनवर महिनाभर अकराच चालू आहे, चुकलं माझं, म्हणाल तर दहा परत टाकून देतो.

काकांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"म्हणजे ही अकरा हाय?"

"हाव."

"तरीच म्हणलं, परवा दुपारी एकाएकी बंद कामून पडली."

परवा दुपारी मोंढ्यातली लाइट गेलती.